गाडीतलं सॉकेट चावीवर की डायरेक्ट? नव्या गाडीवाल्यांनी पहिल्याच आठवड्यात तपासायची गोष्ट

पहाटे 5 वाजता, महाडच्या एका लॉजच्या आवारात, मी सेल्फ मारला आणि गाडीने नुसतं टक् टक् टक् केलं. मीटरवरचे दिवे पिवळट झाले, एकदा लुकलुकले आणि विझले. गणपतीला गावी निघालो होतो. मागच्या सीटवर आई शाल गुंडाळून बसलेली. रात्री तिचं इन्सुलिन आम्ही लॉजच्या फ्रीजमध्ये ठेवायला दिलं होतं, पण ज्या छोट्या फ्रीजमधून ते आणलं तो डिकीतल्या सॉकेटला तसाच जोडलेला राहिला. पुढचं सॉकेट चावी काढली की बंद होतं, हे मला माहीत होतं. डिकीतलंही तसंच असणार असं मी गृहीत धरलं. ते डायरेक्ट होतं. रिकामा फ्रीज रात्रभर बॅटरी पीत राहिला.

शेजारी लावलेल्या बोलेरोवाल्या दादांकडे जंपर केबल होती म्हणून आम्ही त्याच दिवशी घरी पोचलो. तेव्हापासून ओळखीत कोणी गाडी घेतली की मी पहिलं हेच विचारते: तुमच्या गाडीतलं कुठलं सॉकेट चावीवर आहे आणि कुठलं डायरेक्ट? फार थोड्यांना सांगता येतं. डिलिव्हरीच्या दिवशी सनरूफ उघडून दाखवतात, मोबाईल जोडून देतात, हार घालून फोटो काढतात. सॉकेटबद्दल कोणी बोलत नाही. तपासायला मात्र एक संध्याकाळ पुरते.

हे दोन प्रकार काय आहेत

गिअरजवळ किंवा डॅशबोर्डखाली जे गोल भोक असतं, त्याला कोणी लाइटरचा पॉइंट म्हणतं, कोणी चार्जिंग सॉकेट. मुळात ते सिगारेट पेटवायच्या लाइटरसाठी होतं. लाइटर आत दाबायचा, काही सेकंदांत त्याची तार लाल होते आणि तो टपकन बाहेर येतो, एवढंच त्याचं काम. पुढे त्याच भोकात आपण मोबाईल, डॅशकॅम (रस्त्याचं रेकॉर्डिंग करणारा काचेवरचा कॅमेरा), हवा भरायचा पंप, फ्रीज असं सगळं खुपसू लागलो. मधली टोचणी म्हणजे प्लस, कडेची धातूची भिंत म्हणजे मायनस. भिंतीची पकड बऱ्याचदा सैल असते, म्हणून जड लोड लावला की प्लग गरम होतो. ही जन्मजात उणीव लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

सॉकेटला वीज दोन वाटांनी येऊ शकते. एक वाट बॅटरीपासून फ्यूजमधून सरळ. गाडी बंद असो, कुलूप लावलेलं असो, सॉकेट जिवंत. गॅरेजमध्ये याला ‘डायरेक्ट’ म्हणतात. दुसरी वाट चावीच्या स्विचमधून किंवा चावीने चालणाऱ्या रिलेमधून (बारीक प्रवाहावर चालू-बंद होणारा स्विच) येते. चावी काढली की ती मेली. याला ‘चावीवर’ किंवा ‘इग्निशनवर’ म्हणतात. वायरिंगच्या आकृत्यांमध्ये जर्मन पद्धतीचे आकडे दिसतात: 30 म्हणजे डायरेक्ट, 15 म्हणजे चावीवरची, 31 म्हणजे अर्थिंग, म्हणजे गाडीच्या बॉडीला जोडलेली मायनस. रिलेच्या पायांवरही 30 कोरलेलं असतं.

चावीच्या गाडीत लॉक, एसीसी (ॲक्सेसरी), ऑन आणि स्टार्ट अशा चार जागा असतात. चावीवरचं सॉकेट बहुधा एसीसीलाच सुरू होतं, म्हणजे इंजिन न लावताही गाणी आणि चार्जिंग चालतं. बटणाच्या गाडीत ब्रेक किंवा क्लच न दाबता बटण एकदा दाबलं की सहसा एसीसी येतं, दुसऱ्यांदा दाबलं की ऑन.

या दोघांच्या मधला एक तिसरा प्रकार नव्या गाड्यांमध्ये दिसतो, आणि सगळ्यात जास्त फसवणारा तोच आहे. गाडी बंद केल्यावरही सॉकेट काही मिनिटं, किंवा दार उघडेपर्यंत, चालूच राहतं आणि मग गाडीचा कंट्रोलर ते बंद करतो. अशा गाडीत घाईघाईने तपासलं तर चावीवरचं सॉकेटही डायरेक्ट वाटतं.

मॉडेलचं नाव सांगून उत्तर मिळत नाही. एकाच गाडीच्या वरच्या आणि खालच्या व्हेरियंटमध्ये फरक असू शकतो, पुढच्या आणि डिकीतल्या सॉकेटमध्ये तर बऱ्याचदा असतो. डिकीतलं सॉकेट फ्रीजसारख्या वस्तूंसाठी म्हणून काही कंपन्या मुद्दाम डायरेक्ट ठेवतात. सेकंडहँड गाडी असेल तर आधीच्या मालकाने काय जोडून घेतलं असेल सांगता येत नाही. म्हणून आपल्या गाडीचं आपणच तपासायचं.

पायरी 1: अंधारात, काचेतून

मल्टिमीटर (व्होल्टेज मोजायचं यंत्र) लागत नाही. ज्यावर छोटा दिवा आहे असा मोबाईल चार्जर घ्या. वेळ संध्याकाळनंतरची निवडा. बेसमेंट पार्किंग असेल तर उत्तमच.

गाडी चालू करून चार्जर सॉकेटमध्ये घट्ट बसवा आणि दिवा लागला का बघा. नाहीच लागला तर सॉकेटचा फ्यूज उडालेला असू शकतो, आधी तो बदला. दिवा लागला की इंजिन बंद करा, चावी काढा, उतरा, सगळी दारं लावा, लॉक करा. चावी घरी घेऊन जा. बटणाची गाडी असेल तर चावी खिशात घालून जवळ घुटमळू नका, काही गाड्या चावी जवळ आल्याचं ओळखून जाग्या होतात. अर्ध्या तासाने परत या आणि कुलूप न उघडता काचेतून आत बघा.

हे ‘कुलूप न उघडता’ मी मुद्दाम लिहिलंय कारण चूक इथेच होते. अनलॉक केलं की गाडी जागी होते, आतले दिवे लागतात, काही गाड्यांत सॉकेटलाही क्षणभर वीज मिळते आणि तुम्ही चुकीची नोंद करता. कपाळ काचेला टेकवून, दोन्ही हातांचा आडोसा करून बघा. गिअरच्या मागे तो निळा ठिपका दिसत असेल तर सॉकेट डायरेक्ट आहे. काळोख असेल तर चावीवर.

हीच तपासणी प्रत्येक भोकासाठी वेगळी करा: पुढचं गोल सॉकेट, पुढचा यूएसबी, मागच्या सीटसाठीचे यूएसबी, डिकीतलं. एकाच वेळी तीन चार्जर लावून ठेवले तर एका फेरीत काम होतं. यूएसबीसाठी छोटा यूएसबी दिवा वापरा. डिकी काचेतून दिसत नसेल तर तिथे दिवा लावून मोबाईलवर व्हिडिओ रेकॉर्डिंग सुरू करून आत ठेवा, चाळीस मिनिटांनी बघा.

मल्टिमीटर असेल (400–500 रुपयांत साधा मिळतो, गाडीवाल्याच्या घरात असावाच) तर तो डीसी 20 व्होल्टवर ठेवा, लाल टोक मधल्या टोचणीला, काळं टोक कडेच्या भिंतीला. दोन टोकं एकमेकांना किंवा टोचणी आणि भिंत एकाच धातूने जोडली जाणार नाही एवढं सांभाळा, नाहीतर फ्यूज जातो. 12 च्या वर आकडा म्हणजे वीज आहे, शून्य म्हणजे नाही. एका दगडात दुसरा पक्षी: इंजिन बंद करून काही तास झाल्यावर आकडा 12.6 च्या आसपास असेल तर बॅटरी भरलेली आहे, 12.2 म्हणजे अर्धी, 12 च्या खाली म्हणजे चार्जरची गरज आहे. इंजिन चालू असताना साधारण 13.8 ते 14.4 दिसायला हवं. त्यात अल्टरनेटरचीही (इंजिनवर फिरून बॅटरी भरणाऱ्या यंत्राची) परीक्षा होते. (नव्या काही गाड्या डिझेल-पेट्रोल वाचवायला अल्टरनेटर मुद्दाम कमी चालवतात, तिथे हा आकडा मध्येच खाली दिसला तर घाबरू नका.)

जाता जाता एक खूण. सेल्फ मारताना डॅशकॅम बंद होऊन पुन्हा सुरू होत असेल, तर ते सॉकेट बहुधा एसीसीवर आहे. स्टार्टरला सगळी ताकद मिळावी म्हणून त्या दोन-तीन सेकंदांत एसीसीची लाइन तोडली जाते. कॅमेऱ्यात बिघाड नाही.

जे कळलं ते चिठ्ठीवर लिहून ग्लोव्हबॉक्सच्या आत चिकटवा. घरात गाडी चालवणारे आणखी कोणी असतील तर त्यांनाही दाखवा.

पायरी 2: बॅटरीचा हिशोब

हा हिशोब पाचवीतल्या मुलालाही जमतो, तरी कोणी करत नाही, आणि सगळा घोळ इथेच होतो. वॉट भागिले 12 म्हणजे अँपिअर. अँपिअर गुणिले तास म्हणजे बॅटरीतून गेलेले अँपिअर-तास. बॅटरीवर 35 एएच असं लिहिलेलं असतं ते हेच. छोट्या पेट्रोल गाडीत 35 एएचची बॅटरी सर्रास असते, मोठ्या डिझेल गाडीत ती 60–70 पर्यंत जाते. पण 35 लिहिलं म्हणून 35 वापरता येत नाहीत. गाडीची बॅटरी स्टार्टरला एका झटक्यात शेकडो अँपिअर द्यायला बनवलेली आहे, हळूहळू रिकामी व्हायला बनवलेली नाही. अर्धी उतरली की सकाळी सेल्फ घेईल याची खात्री राहत नाही, आणि वारंवार खोलवर उतरवली तर तिचं आयुष्य झपाट्याने घटतं. म्हणून निम्म्याच्या पुढे जायचं नाही. म्हणजे हातात 17.

आता महाडची रात्र मांडून बघू. फ्रीज 45 वॉटचा, म्हणजे कॉम्प्रेसर चालू असताना पावणेचार अँपिअर. तो चालू-बंद होत राहतो. निम्मा वेळ चालला धरला तर सरासरी जवळजवळ 2 अँपिअर. रात्री 9 ते पहाटे 5, आठ तास. आठ दुणे सोळा. कागदावर 17 च्या आतच आहे, पण माझी बॅटरी तीन वर्षांची होती आणि तीन वर्षांच्या बॅटरीत 35 उरलेलेच नसतात. शिवाय आदल्या दिवशी पावसात, ट्रॅफिकमध्ये, वायपर, हेडलाइट, एसी चालू ठेवून रांगत आलो होतो, तेव्हा ती पूर्ण भरलेली असायचं कारण नव्हतं.

हीच रीत बाकीच्या वस्तूंना लावा. मोबाईल शून्यापासून पूर्ण भरायला गाडीच्या बॅटरीतून साधारण 2 अँपिअर-तास जातात. रात्री एकदा फोन भरला तर चांगल्या बॅटरीला काही होत नाही. उगीच भीती बाळगू नका. पार्किंग मोडमधला (गाडी बंद असतानाही रेकॉर्डिंग करणारा) डॅशकॅम 0.3 अँपिअर घेत असेल तर 24 तासांत 7 च्या वर जातात, म्हणजे शुक्रवारी संध्याकाळी लावलेली गाडी सोमवारी सकाळी संशयास्पद. हवा भरायचा पंप 10 अँपिअरपर्यंत खेचतो, पण दहा मिनिटांत काम संपतं, दीड-पावणेदोन अँपिअर-तास. तिथे धोका बॅटरीपेक्षा फ्यूजला आणि गरम होणाऱ्या प्लगला आहे.

सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट म्हणजे रिकामा चार्जर. नुसता दिवा पेटलेला चार्जर 20 मिलिअँपिअर खात असेल तर दिवसाला अर्धा अँपिअर-तास. एका रात्रीत काहीच नाही. पण तुम्ही तीन आठवडे परदेशी मुलीकडे गेलात तर 10 अँपिअर-तास गेले. गाडीचा स्वतःचा खुराकही असतो: घड्याळ, अलार्म, रिमोटचा रिसीव्हर. 30 मिलिअँपिअर धरला तर तीन आठवड्यांत 15. दोन्ही मिळून 25. परत आल्यावर गाडी उठणार नाही, आणि दोष बॅटरीवाल्याला दिला जाईल.

पायरी 3: कुठे काय लावायचं

विसरलं तरी चालेल अशा वस्तू चावीवरच्या सॉकेटला: मोबाईल चार्जर, एअर प्युरिफायर, मुलांचा टॅबलेट, सुगंधी फवारा, साधा डॅशकॅम. गाडी बंद तर तेही बंद. नव्याने शिकणाऱ्याने सगळं इथेच लावावं, असं माझं ठाम मत आहे.

गाडी बंद असतानाही चालायलाच हवं ते डायरेक्टवर: पार्किंग मोडचा डॅशकॅम, जीपीएस ट्रॅकर, फ्रीज. औषधाच्या फ्रीजच्या बाबतीत उलटी चूकही तितकीच वाईट आहे. तुम्ही माणगावला जेवायला थांबलात, गाडी उन्हात, सॉकेट चावीवरचं. तासाभर फ्रीज बंद आणि आत कोणाचं तरी औषध. तेव्हा कुठलं सॉकेट कुठलं हे माहीत असणं ही बॅटरीपुरती गोष्ट राहत नाही. शिवाय स्वस्तातले कॉम्प्रेसर नसलेले कूलर-बॉक्स बाहेरच्या तापमानापेक्षा काही अंशच खाली नेतात. कडक उन्हाळ्यात 2 ते 8 अंश हवं असलेल्या औषधासाठी त्यांच्यावर विसंबू नका. कॉम्प्रेसरवाला फ्रीज घ्या आणि आत थर्मामीटर ठेवा.

कॉम्प्रेसरच्या फ्रीजमध्ये बॅटरी सांभाळायची सोय असते: हाय, मीडियम, लो. बरेच जण ‘हाय’ म्हणजे जास्त बॅटरी खाणार असं समजून ‘लो’ निवडतात. अर्थ नेमका उलटा आहे. ‘हाय’ म्हणजे व्होल्टेज अजून बऱ्यापैकी असतानाच फ्रीज स्वतःला बंद करतो आणि सेल्फपुरती ताकद उरते. गाडीच्या मूळ बॅटरीवर चालवायचा असेल तर हायवरच ठेवा. माझा लोवर होता.

इन्व्हर्टर लावून 230 व्होल्टच्या वस्तू चालवायचा मोह होतो. फ्यूजचा आकडा बघा. 10 अँपिअरचा फ्यूज म्हणजे 120 वॉट, 15 चा म्हणजे 180. लॅपटॉपचा 65 वॉटचा चार्जर चालेल. 150 वॉटचा इन्व्हर्टर पूर्ण लोडवर 10 च्या फ्यूजला उडवेल. इस्त्री, हेअर ड्रायर, शेगडी यांचं नाव काढू नका. हजार वॉटला 80 च्या वर अँपिअर लागतात. एका सॉकेटची तीन करणारा जोड लावलात तर तिन्हींची बेरीज फ्यूजच्या आत हवी. फास्टॅगला मात्र कसलीही वीज लागत नाही, काचेवरचा तो टॅग टोलनाक्यावरच्या रीडरच्या लहरींवरच चालतो. हे मला इतक्यांदा विचारलं गेलंय की इथे लिहून टाकलं.

स्टिअरिंगखालच्या ओबीडी पोर्टबद्दलही (मेकॅनिक स्कॅनर लावतात ती जागा) माहीत असू द्या. त्याच्या 16 नंबरच्या पिनला बॅटरीची वीज कायम असते. तिथे लावलेला ट्रॅकर किंवा ब्लूटूथ स्कॅनर दिसत नाही म्हणून विसरला जातो, आणि काही स्वस्त स्कॅनर गाडीच्या कंप्युटरलाच झोपू देत नाहीत. मग स्कॅनरच्या खुराकापेक्षा जागा राहिलेला कंप्युटरच जास्त खातो. काम झालं की काढून ठेवा.

पायरी 4: बदलायचंच असेल तर

सगळ्यात स्वस्त उपाय: गाडी लॉक करण्याआधी प्लग उपटायची सवय. त्याच्यानंतर बटण असलेला प्लग. पन्नास टक्के लोकांचं काम इथेच भागायला हवं असं मला वाटतं, पण लोकांना वायर कापायची घाई असते.

अमेरिकेत राहणाऱ्यांसाठी एक सोपी सोय आहे. शेव्हर्ले आणि जीएमसीच्या काही पिकअप आणि मोठ्या एसयूव्हींमध्ये फ्यूजबॉक्समध्ये सॉकेटच्या फ्यूजला दोन जागा असतात. एकीत बसवला तर डायरेक्ट, दुसरीत बसवला तर चावीवर. मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं. भारतातल्या आपल्या रोजच्या गाड्यांमध्ये ही सोय शोधत बसू नका.

चावीवरचं सॉकेट डायरेक्ट करून घ्यायचं असेल तर माझा सल्ला असा: मूळ सॉकेटला हात लावू नका. डिकीत किंवा जिथे हवं तिथे वेगळं सॉकेट बसवून घ्या, बॅटरीपासून वेगळी जाड वायर, आणि बॅटरीच्या अगदी जवळ फ्यूज. ‘जवळ’ यासाठी की वायर वाटेत कुठे घासली आणि बॉडीला टेकली, तर फ्यूजच्या अलीकडचा तुकडा कोणीच वाचवू शकत नाही. दुसऱ्या टोकाला सॉकेटपाशी फ्यूज लावून देणारे वायरमन मी पाहिलेत. त्यांना नम्रपणे पण ठामपणे पुन्हा लावायला सांगा.

डायरेक्ट सॉकेट चावीवर करायचं तर मध्ये रिले बसतो. 30 ला बॅटरीकडून फ्यूजमधून आलेली वायर, 87 वरून सॉकेटला, 86 ला एसीसीची बारीक वायर, 85 ला अर्थिंग. चावी फिरली की रिले टक् करतो आणि सॉकेट जिवंत होतं. जड प्रवाह रिलेतून जातो, चावीच्या स्विचवर त्याचा भार येत नाही. हे काम स्वतः शिकण्यासारखं आहे, पण पहिल्यांदा ऑटो इलेक्ट्रिशियनच्या शेजारी उभं राहून बघा.

डॅशकॅमच्या वायरिंग किटमध्ये सहसा तीन वायर असतात: पिवळी डायरेक्टला, लाल एसीसीला, काळी अर्थिंगला. रंग कंपनीगणिक बदलू शकतात, म्हणून वायरवरची चिठ्ठी वाचा. पिवळी आणि लाल उलट लागली तर कॅमेऱ्याला पार्किंग कधी सुरू झालं तेच कळत नाही. किटमध्ये कमी व्होल्टेजला बंद व्हायची सोय असते, ती 12.2 वर ठेवा. 11.6 वर ठेवून पार्किंगचं जास्त रेकॉर्डिंग मिळेल, पण सकाळची गाडी मिळेलच असं नाही.

या वायरी जोडायला फ्यूज टॅप वापरा. मूळ फ्यूज काढून त्या जागी टॅप बसतो, त्यात दोन फ्यूज: एक जुन्या सर्किटचा, एक तुमच्या नव्या वस्तूचा. मूळ वायरिंग कापलं जात नाही आणि वॉरंटीचा वाद टळायची शक्यता वाढते. आधी फ्यूजचा आकार जुळवा, मिनी, लो-प्रोफाइल, मायक्रो असे प्रकार एकमेकांत बसत नाहीत. मग टॅपची दिशा. फ्यूज काढल्यावर दोन खाचा दिसतात. मल्टिमीटरने बघा कुठल्या खाचेत 12 व्होल्ट येतात. टॅपचा जो पाय दोन्ही फ्यूजना जोडलेला असतो तो त्या जिवंत खाचेत जायला हवा. उलटा बसला तरी वस्तू चालते, म्हणून चूक लक्षात येत नाही, पण नव्या वस्तूचा भार जुन्या फ्यूजवर पडत राहतो. एअरबॅग, एबीएस, इंजिनच्या कंप्युटरचे फ्यूज या कामासाठी कधीही घेऊ नका. वायपर, मागचं सॉकेट, रेडिओ असले बघा. आणि कॅमेऱ्याची वायर काचेशेजारच्या खांबातून नेताना तिथे पडद्याची (बाजूच्या काचेवर उघडणारी) एअरबॅग असेल तर वायर तिच्या मागून न्या. समोरून गेलेली वायर एअरबॅग उघडताना आडवी येते.

फ्यूजच्या रंगांची एक ओळ पाठ करा: 10 लाल, 15 निळा, 20 पिवळा, 30 हिरवा. उडालेल्या फ्यूजच्या जागी तेवढ्याच आकड्याचा. एका ॲक्सेसरीच्या दुकानात माझ्या डोळ्यांदेखत 10 चा उडाला म्हणून 20 चा बसवला गेला, ‘आता नाही उडणार ताई’ म्हणत. खरंच नाही उडणार. त्याऐवजी डॅशबोर्डमागची वायर तापेल, तिचं कव्हर वितळेल, आणि धूर दिसेपर्यंत कोणाला काही कळणार नाही. मी तो तिथेच काढायला लावला.

दुचाकी, ट्रक, इलेक्ट्रिक

मोटारसायकल-स्कूटरची बॅटरी बहुधा 4 ते 9 अँपिअर-तासांची. तिथे हँडलवरचा मोबाईल चार्जर नेहमी चावीवरच घ्या. डायरेक्ट जोडला तर त्याचा निर्देशक दिवासुद्धा दोन आठवड्यांत गाडी किक मारायला लावतो, आणि बऱ्याच नव्या गाड्यांना आता किकही नसते.

ट्रक आणि मोठ्या बसमध्ये 24 व्होल्ट असतात. चार्जरवर 12–24 लिहिलेलं असेल तरच लावा.

इलेक्ट्रिक गाडीवाल्यांना वाटतं आपल्याकडे खाली एवढी मोठी बॅटरी, सॉकेटला काय कमी? पण सॉकेट चालतं ते वेगळ्या छोट्या 12 व्होल्टच्या बॅटरीवर. मोठी बॅटरी तिला भरते ते गाडी ‘रेडी’ असताना, काही गाड्यांत चार्जिंगला लावल्यावर आणि मधूनमधून आपोआपही. छोटी उतरली तर मोठीत 80 टक्के असूनही दारं, स्क्रीन आणि गाडी, काहीच उठत नाही. म्हणून वरची सगळी तपासणी त्यांनीही करावी.

उतरलीच तर

जंपर केबल डिकीत असू द्या. दोन्ही गाड्या 12 व्होल्टच्या हव्यात. मदतीला ट्रक आला तर हात जोडून नाही म्हणा. लाल केबल आधी उतरलेल्या बॅटरीच्या प्लसला, दुसरं टोक चांगल्या बॅटरीच्या प्लसला. काळी चांगल्या बॅटरीच्या मायनसला आणि शेवटचं काळं टोक उतरलेल्या गाडीच्या इंजिनच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून लांब. तिथे ठिणगी पडते आणि बॅटरीतून निघणारा वायू पेट घेऊ शकतो, म्हणून लांब. चांगली गाडी चालू करून पाच मिनिटं थांबा, मग तुमच्या गाडीला सेल्फ मारा. काढताना क्रम उलटा. हे सगळं उघड्यावर करा, बंद बेसमेंटमध्ये इंजिन चालू ठेवून उभे राहू नका.

सेल्फ मारण्याआधी सॉकेटमधली वस्तू उपटलीत का ते बघा. मी महाडला ती तशीच ठेवून दोनदा प्रयत्न केला होता. गाडी सुरू झाली की लगेच बंद करू नका, अर्धा-पाऊण तास तरी चालवा, आणि घरी आल्यावर शक्य असेल तर चार्जरने पूर्ण भरून घ्या. पूर्ण उतरलेली बॅटरी अल्टरनेटर एका फेरीत भरून काढत नाही.

सगळे प्लग काढूनही आठवड्याभरात पुन्हा उतरली तर इलेक्ट्रिशियनला ‘बॅटरी बदला’ असं सांगू नका. ‘गाडी झोपल्यावर किती मिलिअँपिअर जातात ते मोजून द्या’ असं सांगा. लॉक करून अर्धा-एक तास थांबल्यावर आकडा 50 च्या खाली यायला हवा. जास्त असेल तर फ्यूज एकेक काढत जायचं. ज्या फ्यूजला आकडा धपकन पडतो त्या लाइनवर चोर आहे.